माळावरची दिल्ली

आप्पा शाळेच्या पायरीशी आले की आधी वहाणा काढायचे, मग हातातली काठी भिंतीला टेकवायचे, मग माठातलं पाणी स्वतःच्या हाताने घेऊन प्यायचे आणि मिशा पुसता पुसता विचारायचे, "मास्तर, दिल्लीचं काय ठरलं?" पिंपरखोरीत त्या दिवसांत दिल्लीची चौकशी करणारे पुष्कळ होते. कुणाला रेशनचं कळायला हवं असे, कुणाचा मुलगा पलटणीत म्हणून त्याला काश्मीरची काळजी. आप्पांना त्यातलं काही नको असायचं. त्यांचा प्रश्न दिल्ली शहरापुरताच होता. त्या शहरात राहणाऱ्या माणसांना आपला कारभार आपण बघायचा हक्क मिळणार की नाही, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं असे. दिल्ली त्यांनी पाहिली नव्हती. तिथे त्यांचं नात्यागोत्याचं कुणी नव्हतं. साताऱ्याच्या पलीकडे ते कधी गेल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही, आणि साताऱ्यालाही त्यांना मीच नेलं होतं.

पहिल्यांदा मला वाटलं, म्हातारा चक्रम आहे. मी सातारचा. सातारच्या माणसाला खेड्यातला जो भेटेल तो आधी चक्रमच वाटतो. युद्ध संपलं त्या सुमाराला मी पिंपरखोरीच्या शाळेत मास्तर म्हणून आलो, तेव्हा सांगलीहून कवठे महांकाळच्या बाजूला जाणाऱ्या मोटारीने मला रस्त्यात उतरवलं. ड्रायव्हर म्हणाला, "ह्यो माळ वलांडा, की आलं गाव." तो माळ म्हणजेच आप्पांचं राज्य होतं, असं मी म्हणणार होतो. पण आप्पांनी ते ऐकलं असतं तर मला दारातून उठवलं असतं. माळ आप्पांचा नव्हता, आणि तो कुणाचाच नव्हता हे सांगण्यात त्यांचं आयुष्य गेलं.

त्याचं असं होतं. तिथे पिंपरखोरी धरून चार गावांच्या शिवा एकमेकींना मिळत. त्यातली दोन गावं खालसातली, म्हणजे इंग्रजांच्या मुलखातली, आणि दोन संस्थानातली. मध्ये हा माळ, माळावर विहीर, विहिरीपाशी कडुलिंब, आणि दर गुरुवारी तिथे जनावरांचा बाजार भरे. बाजार कुणाच्या हद्दीत, यावरून पूर्वी चार गावांत डोकी फुटली होती म्हणे. शेवटी कुणा शहाण्या माणसांनी ठरवलं की माळ कुठल्याच गावाचा नाही, चौघांचा आहे. चार गावांचे चार पंच कडुलिंबाखाली बसतील आणि माळाचं सगळं ठरवतील. बाजारावर पोट असलेली वीसेक घरं माळावर राहत: नालबंद, चांभार, दोरखंड वळणारे, चहाचा हॉटेलवाला. ती मात्र कुठल्याच गावच्या गावकीत धरायची नाहीत. धरली तर त्या गावाचं पारडं जड होणार. आणि या सगळ्यावर नजर ठेवायला एक कारभारी असावा, त्याने आपलं गाव सोडून माळावर येऊन राहावं.

आप्पा तो कारभारी. मूळचे पिंपरखोरीचेच. त्यांना नेमलं त्या दिवशी त्यांनी आपल्या घरी शेवटचं जेवण केलं, धाकट्या भावाच्या हाती जमीन दिली आणि बायकोला घेऊन माळावर आले. तेव्हापासून त्यांनी गावातल्या कुणाच्याही घरी पाणी प्यायलं नाही. भावाच्या ओसरीवरूनच शाळेकडे यायचा रस्ता होता. भाऊ, म्हणजे तात्या, ओसरीवर बसलेला असे. दोघं एकमेकांना रामराम करत आणि आप्पा पुढे येऊन माझ्या माठातलं पाणी पीत. शाळा सरकारी, म्हणून तिथलं पाणी चालतं, असा त्यांनी निकाल काढला होता. माझा माठ असा कायद्याच्या चौकटीत बसल्याचा मला त्या वेळी थोडा अभिमानही वाटला.

कारभाऱ्याच्या रीतीतलं सगळ्यांत अवघड कलम निराळंच होतं. पंचांच्या बैठकीत त्याने बसायचं, दोन्ही बाजूंना नीट बोलायला लावायचं, पण स्वतःचं मत द्यायचं नाही. दिलं तर काठी खाली ठेवायची आणि दिवस मावळायच्या आत माळ सोडायचा. आप्पांच्या तोंडात त्यामुळे एक वाक्य कायमचं बसलं होतं: "माझं काय न्हाई, तुमचं सांगा." बैठकीत हे ठीक होतं. पण ते घरीही तेच म्हणत. सोनाकाकी, त्यांची बायको, भाजी कुठली करू म्हणून विचारायला आली तरी हे म्हणायचे, "माझं काय न्हाई, तुझं सांग." काकी कपाळाला हात लावायची. मला म्हणायची, "चार गावांचा जावई करून ठिवलाय ह्येला. मान लय हाय, पर जेवाय कुनी बोलवत न्हाई."

बेंदराच्या सणाला मी हे डोळ्यांनी पाहिलं. चारही गावांत बैलांच्या मिरवणुका निघालेल्या, हलग्या वाजताहेत, गुलाल उडतोय. आप्पांनीही आपली जोडी धुतली होती, शिंगं रंगवली होती, पाठीवर झूल घातली होती. पण मिरवणूक गावाची असते आणि आप्पांना गाव नव्हतं. ते बैल घेऊन विहिरीभोवती फिरले. मागून काकी आरतीचं ताट घेऊन, आणि तिच्या मागे मी, कारण मला राहवलं नाही. हलगी नव्हती म्हणून हसन नालबंदाने आपला पत्र्याचा डबा वाजवला. माणसं किती, तर आम्ही चौघं. आप्पांचा चेहरा मात्र असा होता की जणू मागून हजार माणूस येतंय.

हा हसन नालबंद आप्पांच्या शेजारचा. बैल आडवा पाडून चारी खुरांना पत्र्या ठोकण्यात त्याचा हात धरणारा त्या भागात कुणी नव्हता. जीभही हातोडीइतकीच सरळ. एका वळवात त्याच्या घराची भिंत बसली. मातीची भिंत कितीदा लिंपायची म्हणून त्याला विटांची बांधायची होती. त्याने पंचांपुढे अर्ज केला, म्हणजे तोंडीच. पंच म्हणाले, माळावर पक्कं बांधकाम नको, उद्या सगळेच बांधायला लागतील. चार पंच, चार गावांचे, आणि चौघांची घरं विटांची.

बैठक उठल्यावर हसन आप्पांना म्हणाला, "आप्पा, तुमी तरी येक शबुद बोलायचा."

"माझं काय न्हाई, हसन. मला बोलाय येत न्हाई, तुला ठावं हाय."

"व्हय, ठावं हाय. त्या गावाचं त्यो बोलतो, ह्या गावाचं ह्यो बोलतो. मग आमचं कोण बोलतं?"

आप्पा काठी उचलून घरी गेले. पण ते त्यांच्या मनाला लागलं. दुसऱ्या दिवशी ते शाळेत आले, पाणी प्यायले आणि मला म्हणाले, "मास्तर, जागा समद्यांची असली की तितं ऱ्हानाराची नसती. ह्ये बरुबर हाय का न्हाई?" मी नागरिकशास्त्र शिकवायचो. पुस्तकातलं सगळं मला पाठ होतं, पण हा प्रश्न पुस्तकात नव्हता. साताऱ्याला माझे मामा वकील होते. म्हटलं, चला, त्यांनाच विचारू.

मामांनी सगळं ऐकून घेतलं, तपकिरीची चिमूट ओढली आणि मोठ्याने हसले. "अहो, ही तर दिल्ली झाली!" म्हणाले. मग त्यांनी आप्पांना समजावून सांगितलं. इंग्रजांनी राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला नेली, तेव्हा तेवढा मुलूख पंजाबातून तोडून वेगळा काढला. तो कुठल्याच प्रांताचा ठेवला नाही. मुंबई इलाख्याला कायदेमंडळ आहे, पंजाबला आहे, दिल्लीला नाही. तिथे एक चीफ कमिशनर बसतो आणि वरिष्ठ सरकार सांगेल तसा कारभार करतो. कारण काय, तर राजधानी सगळ्या देशाची. तिथल्याच लोकांच्या हाती ती दिली तर बाकीचे म्हणतील, आम्ही काय पाहुणे? अमेरिकेनेसुद्धा आपली राजधानी अशीच सगळ्या राज्यांपासून अलग काढून ठेवली आहे.

आप्पांचे डोळे चमकायला लागले. "म्हंजी आमच्यातलंच कुनीतरी तितं गेलं असनार, वकीलसायेब!" ते म्हणाले. "दिल्लीतबी माळच हाय की!"

परतीच्या मोटारीत त्यांनी शेजारच्या चार अनोळखी माणसांना दिल्लीचा कायदा सांगितला. इतकी वर्षं जी रीत ते राखत होते ती चार अडाण्यांनी भांडणाला कंटाळून काढलेली नाही, मोठ्या मोठ्या देशांतही तीच आहे, याचा त्यांना मनापासून आनंद झाला होता. माळावर उतरल्या उतरल्या ते हसनकडे गेले आणि सगळं सांगून म्हणाले, "बग, दिल्लीतबी असंच हाय."

हसनने बैलाचा पाय सोडला नाही. खाली बघूनच म्हणाला, "मग तितल्या नालबंदाचं कोण बोलतं?"

तेव्हापासून ती चौकशी सुरू झाली. मामांनी जाता जाता सांगितलं होतं की आता देश स्वतंत्र होणार, दिल्लीत घटना तयार करायला सभा बसली आहे, दिल्लीचं पुढे काय करायचं तेही तीच ठरवील. आप्पांनी ते पक्कं धरलं. देशातले एवढे शहाणे एका जागी बसलेत, तर ते विचार करूनच सांगतील. त्यांनी एकदा सांगितलं, की मग हसनला सांगायला आपण मोकळे. शाळेत सांगलीहून वर्तमानपत्र यायचं, तेही शिळं. आप्पांना वाचता यायचं, पण अक्षर अक्षर लावत. त्यापेक्षा मला विचारणं त्यांना सोपं वाटे. वर्तमानपत्रात दिल्लीच्या कायद्याबद्दल महिनोन्महिने अक्षर नसे. मी "अजून काही नाही" म्हटलं की ते मान हलवत, "घाई नगं. बसल्यात न्हवं? बसू द्या," आणि काठी उचलत.

मग स्वातंत्र्य आलं. काही दिवसांनी एकदा छोटीशी बातमी सापडली. या प्रश्नावर नेमलेल्या एका समितीने म्हटलं होतं की दिल्लीकरांना आपली सभा द्यावी. मला वाटलं आप्पा खूश होतील. ते पायरीवर बसले आणि कितीतरी वेळ काठीने जमिनीवर रेघोट्या ओढत राहिले. मग म्हणाले, "मग आमी काय राखत बसलो, मास्तर?" मला त्यांची दया आली. एखाद्या माणसाने आयुष्यभर दाराला कुलूप लावून राखण करावी आणि मग कुणी येऊन सांगावं की आत काही नव्हतंच, तसं त्यांचं झालं होतं. मी म्हटलं, समितीने नुसतं सुचवलंय, ठरलेलं नाही. पण त्या दिवशी ते पाणी न पिताच गेले.

पुढच्या वर्षी संस्थानं विलीन झाली. खालसा आणि संस्थान हा भेद गेला, नाके उठले, आणि माळावरचा बाजार बघता बघता दुप्पट झाला. फलटणकडचे व्यापारी येऊ लागले. जनावरं मावेनात. राजेवडगाव हे चौघांतलं थोरलं गाव. तिथले पंच बापूसाहेब, चांगले भारदस्त, रेशमी पटका बांधणारे. त्यांनी चहा पिता पिता आप्पांना सांगितलं की मधली घरं उठवली की बाजार ऐसपैस होईल. दसरा झाला की पंच बसतील आणि ठरवून टाकतील. उठवलेल्या माणसांनी जायचं कुठे, असं कुणी तरी विचारलं. बापूसाहेब म्हणाले, "आता ते आमच्या गावचे हायत का? ज्येनं त्येनं बगावं."

हसनच्या घरात त्या रात्री चूल पेटली नाही, असं सोनाकाकी मला म्हणाली. म्हातारी आई, बायको, तीन पोरी. जाणार कुठे? चारही गावांत त्यांना कुणी घरासाठी जागा देणार नव्हतं, कारण ते माळावरचे. आणि माळावर त्यांना कुणी विचारणार नव्हतं, कारण माळ चार गावांचा.

नेमक्या त्याच पावसाळ्यात वर्तमानपत्रात ती बातमी आली. दिल्लीचा निकाल लागला होता. घटनासभेत वाद झाला, आणि समितीने सुचवलेलं बाजूला राहिलं. राजधानी मध्यवर्ती सरकारच्याच हाती ठेवायची ठरली. पुढेमागे पार्लमेंटला वाटलं तर सभा देता येईल, एवढी फट तेवढी ठेवली. मी ते आप्पांना वाचून दाखवलं. दिल्लीच्या वतीने सभेत एकच सभासद होता, आणि तो उभा राहून तिथल्या लोकांच्या बाजूने कळकळीने भांडला, हेही त्यात होतं.

आप्पांनी मला थांबवलं. "येकटा हुता?"

"एकटाच."

"आनि त्येला बोलू दिलं?"

"बोलू दिलं की. मानलं नाही कुणी, ते वेगळं."

"मग दिल्ली आमच्यापरीस बरी," आप्पा म्हणाले. "तिला येक तोंड तरी हाय."  मला वाटलं ते उठतील. त्यांनी ज्याची एवढी वाट पाहिली तो निकाल त्यांच्या रीतीच्याच बाजूने लागला होता. हसनला सांगायला उत्तर मिळालं होतं. पण म्हातारा तसाच बसून राहिला आणि मग हलक्या आवाजात म्हणाला, "शाण्यांनी त्येंच्यापुरतं ठरिवलं. आता आपलं आपल्यालाच बगाय लागनार."

दसऱ्यानंतरच्या गुरुवारी बाजार उठल्यावर पंच कडुलिंबाखाली बसले. मी शाळा लवकर सोडून गेलो होतो. चार घोंगड्यांवर चार पंच. पिंपरखोरीच्या घोंगडीवर तात्या, आप्पांचा सख्खा भाऊ. थोडं अलीकडे आप्पा, काठी मांडीवर आडवी. माळावरची माणसं वर्तुळाच्या बाहेर उभी, बायका आणखी मागे. बापूसाहेबांनी विषय काढला, दुसऱ्या दोघांनी मान हलवली. तात्यांनी मात्र नाही. रीतीप्रमाणे आप्पांनी विचारायचं होतं, आणखी कुणाचं काही आहे का. ते विचारून बैठक संपायची.

आप्पा उभे राहिले. म्हणाले, "आज माझं हाय."

 बापूसाहेबच पहिल्यांदा भानावर आले. "आप्पा, बोलाय लागला तर काय हुतंय, इसरला का काय?"

"इसरीन कसा? मीच राखलीय ती रीत." आप्पा चारही पंचांकडे वळले. "माळ चार गावांचा हाय. ह्ये मी कवा नाकारलं न्हाई, आजबी नाकारत न्हाई. पर तुमी बाजारादिशी येता नि सांजच्याला जाता. मागं शेन कोन काढतं? हीर कोन उपसतं? तुमच्या बैलाचा पाय मोडला तर रातभर त्येच्यापाशी कोन बसतं? ह्येंच्या नावानं माळ करा असं मी म्हनत न्हाई. पर चारांत पाचवा बसवा. ह्येंच्यातला. त्येचं ऐका न्हाईतर ऐकू नका, पर त्येला इचारल्याबिगर ह्येंच्या घराला हात लावू नका. दिल्लीतबी तेवढं केलं."

बापूसाहेब म्हणाले, "दिल्ली ऱ्हाऊ द्या तिकडं." पण त्यांचा आवाज उतरला होता. बाकीचे एकमेकांकडे बघत होते. बोलले ते तात्या. इतक्या वर्षांत ते भावाशी रामरामापलीकडे बोलले नव्हते. आताही त्यांनी आप्पांकडे पाहिलं नाही, समोर बघूनच म्हणाले, "पिंपरखोरीचं म्हननं, पाचवा बसू द्या." मग दुसरा म्हणाला, मग तिसरा. बापूसाहेबांनी मनात हिशेब केला असावा. तिघांपुढे एकटा काय करणार? त्यांनीही हात हलवून होकार दिला.

माळावरच्या माणसांनी हसनला पुढे ढकललं. पाचवी घोंगडी नव्हती, म्हणून चहावाल्याने आपलं पोतं आणून टाकलं. हसन त्यावर बसला आणि इकडे आप्पांनी काठी खाली ठेवली. ते बघून हसन ताडकन उठला.

"माझं पयलं म्हननं ह्येच," तो म्हणाला, "आप्पांनी माळ सोडायचा न्हाई!"

चारही पंचांनाही ते हवं होतं, हे मी शपथेवर सांगेन. एखादा शब्द पुढे झाला असता तर सगळे हो म्हणाले असते. आप्पांनी तो होऊ दिला नाही.

"खाली बस, हसन," ते म्हणाले. "पयलंच मत येका मानसावर खर्चू नगंस. तितं तुला माझ्यासाटी बशिवलं न्हाई. घराचं इचार."

हसन उभाच होता.  मागून त्याची म्हातारी आई ओरडली, "आरं, त्येंचं ऐक की!" तेव्हा तो बसला, आणि त्याने घरांचं विचारलं. घासाघीस बरीच झाली. अखेर असं ठरलं की घरं आहेत तिथेच राहावीत आणि बाजार ओढ्याच्या अंगाला वाढवावा. त्या बाजूची जमीन राजेवडगावचीच निघाली, त्यामुळे बापूसाहेबही फारसे नाराज राहिले नाहीत.

आप्पांनी निकाल ऐकला आणि बैल जुंपायला गेले. तात्या त्यांच्या मागे गेले. गाडीपाशी मी होतो, म्हणून मला ऐकू आलं. "दादा, घरी चल," तात्या म्हणाले. "तुजी खोली हाय तशी हाय."

"न्हाई येत, तात्या. आज मी पिंपरखोरीत शिरलो तर उद्या तिन्ही गावं म्हंतील, त्येच्या गावानंच त्येला बोलाय लावलं. मग त्या पोत्यावर हसन किती दिस टिकंल?"

तात्यांनी भावाचा हात धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. एवढ्या उंच्यापुऱ्या माणसाला मी रडताना पाहिलं नव्हतं. मलाही आवरेना. सोनाकाकी मात्र भांडी गाडीत रचता रचता म्हणत होती, "बरं झालं बाई. आता काय भाजी करू म्हनून इचारलं तर सांगशीला तरी." दिवस मावळायच्या आत गाडी माळाबाहेर गेली.

त्यांचा मुलगा माधवनगरला कापडाच्या गिरणीत होता. त्याच्या चाळीतल्या खोलीत दोघं राहिली. मी सांगलीला गेलो की वाकडी वाट करून त्यांना भेटत असे. पहिल्या निवडणुकीत मत द्यायला आप्पा धुतलेला फेटा बांधून गेले होते. नंतर मी गेलो तेव्हा त्यांनी बोटाची शाई दाखवली आणि लाजून हसले. "काय सांगू मास्तर, आत गेलो, माझं काय हाय ते सांगितलं, नि भाईर आलो. कुनी जा म्हनालं न्हाई." त्याच सुमाराला दिल्लीलाही छोटीशी सभा मिळाली होती. मी ते सांगितल्यावर ते म्हणाले, "तितंबी कुनीतरी काठी टाकून उठला असंल." काही वर्षांनी दिल्लीची ती सभा काढूनही घेतली, पण ते ऐकायला आप्पा नव्हते. ऐकलं असतं तर त्यांनी जीव खाल्ला असता, माझा आणि स्वतःचाही.

माळावर ते पुन्हा आले नाहीत. बाजाराला जाणाऱ्या माणसांकडून निरोप येत, जात. हसनचं घर विटांचं झालं, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी भिंत केवढी, दार कुठल्या अंगाला, सगळं विचारून घेतलं. फार थोड्या माणसांबद्दल मला असं वाटलं आहे की यांच्यासमोर आपण जरा सरळ बसावं. आप्पा त्यांतले एक होते. आपण ज्या नियमाने दुसऱ्याला बांधतो तो मोडायची वेळ आली, तर त्याची शिक्षा आधी आपण घ्यायची, हे मी त्यांच्याकडून शिकलो. जमलं कितपत ते माझं मला माहीत.

ते गेल्याचा निरोप गुरुवारीच आला. त्यांच्या मुलाने गिरणीतला एक माणूस पाठवला होता. तो आधी शाळेत आला. तात्यांनी पंचकी सोडली होती, ते घरीच असत; त्यांना सांगून मी तसाच माळावर गेलो. बाजार भरात होता आणि कडुलिंबाखाली पाच घोंगड्यांवर पाच पंच बसले होते. राजेवडगावच्या कुणी विकलेला बैल दुसऱ्या दिवशी लंगडायला लागला होता, त्याची तक्रार चालू होती. बैल मध्ये उभा. घेणारा हात जोडून बसलेला, घरात तेवढाच एक पैसा होता म्हणत होता. मी वाकून हसनच्या कानात सांगितलं.

हसन उठून उभा राहिला. बापूसाहेब म्हणाले, "काय झालं रं?" त्याने सांगितलं. चौघांनी पटके काढले. कुणीतरी म्हणालं, आता बैठक मोडा, हे पुढच्या गुरुवारी बघू. हसनने त्या बैलवाल्याकडे पाहिलं आणि तो परत खाली बसला.

"न्हाई," तो म्हणाला. "आप्पांनी मधनं उटू दिलं नसतं. ह्येचं निपटू, मग जाऊ."

त्याने बैलाचा पाय उचलून मांडीवर घेतला, खूर अंगठ्याने दाबून पाहिला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. "जुनी खोट हाय," तो म्हणाला. "इकनाराला ठावं हुतं. बैल त्येनं परत घ्यावा, ह्ये माजं मत." बाकीच्या तिघांनी एकेक करून तेच म्हटलं, आणि शेवटी बापूसाहेबांनीही, आपल्याच गावच्या माणसाविरुद्ध. मग हसनने बैलाचा पाय हळूच खाली ठेवला, विहिरीवर जाऊन तोंड धुतलं आणि माधवनगरची मोटार किती वाजता आहे म्हणून मला विचारलं.